बाहेर जाणारे मेल विश्वासातल्या रिले होस्टमार्फत पाठवायचे आहेत: पोस्टफिक्समध्ये नेमके कुठे काय लिहावे?

कोरी_पाटी

नमस्कार.

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर गेल्या काही महिन्यांपासून माझ्याकडे आला आहे. तो पोस्टफिक्स या मेल पाठवण्या-स्वीकारण्याच्या प्रोग्रामवर चालतो. त्यावर सुमारे चाळीस जणांच्या मेलपेट्या आहेत, आणि त्याखेरीज दोन ॲप्लिकेशन सर्व्हर व एक स्कॅनर आपले मेल याच सर्व्हरमार्फत बाहेर पाठवतात. आतापर्यंत प्रत्येक मेल समोरच्याच्या सर्व्हरकडे थेट पोर्ट २५ वरून पोचवला जात असे. नव्या इंटरनेट पुरवठादाराने मात्र बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद ठेवले असून ते उघडून मिळणार नाही, असे स्पष्ट कळवले आहे. त्यामुळे सर्व मेल एखाद्या विश्वासातल्या होस्टकडे सोपवायचे आणि पुढचे वितरण त्याने करायचे, असे ठरले आहे.

असे दोन होस्ट आमच्याकडे आहेत. पहिला एका रिले सेवेचा असून तो पोर्ट ५८७ वर नाव आणि पासवर्ड मागतो. दुसरा आमच्याच दुसऱ्या कार्यालयातला मेल सर्व्हर आहे; तिथपर्यंत व्हीपीएन असल्यामुळे त्याचे पोर्ट २५ आम्हाला उघडे आहे, आणि तो आम्हाला केवळ आयपी पत्त्यावरून ओळखतो.

मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंगांच्या फाइलीत सध्या पुढील दोन ओळी आहेत.

रिलेहोस्ट = रिले.उदाहरण.नेट:५८७
मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८, १०.०.०.०/८

यातली दुसरी ओळ आधीच्या प्रशासकांच्या वेळेपासून आहे. पासवर्डची फाइलही तयार करून मी तिच्यावर पोस्टमॅप (फाइल पोस्टफिक्सला शोधता येईल अशा रूपात आणणारी आज्ञा) चालवले. तरीही लॉगमध्ये असे दिसते की सर्व्हर रिले.उदाहरण.नेटकडे जातच नाही. तो मी कधी न ऐकलेल्या एका भलत्याच यंत्राशी जोडणी करू पाहतो आणि वेळ संपल्यामुळे मेल रांगेतच पडून राहतात.

माझे प्रश्न तीन आहेत. हे भलते यंत्र कुठून आले? पहिला होस्ट बंद पडल्यास मेल आपोआप दुसऱ्याकडे जावेत, यासाठी काय करावे? आणि 'विश्वासातले होस्ट' म्हणजे मायनेटवर्क्समधले होस्ट अशी माझी समजूत आहे, तर मग या दोन्ही रिले होस्टचे पत्तेही त्याच ओळीत घालायचे का?

---

रांगनिरीक्षक

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच उगवला आहे. मेल सर्व्हरच्या दृष्टीने विश्वास दोन वेगळ्या दिशांचा असतो. 'मी कोणाचे मेल स्वीकारून पुढे पाठवीन' हे मायनेटवर्क्स ठरवते. 'मी माझे मेल कोणाच्या हाती देईन' हे रिलेहोस्ट ठरवते. पहिली दिशा आत येणाऱ्या जोडण्यांची आहे, दुसरी बाहेर जाणाऱ्या. रिले सेवेचे यंत्र तुमच्याकडे मेल पाठवायला येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता. त्यामुळे त्याचा पत्ता मायनेटवर्क्समध्ये घालू नका. घातल्याने बाहेर जाणारे मेल सुरू होणार नाहीतच, उलट त्या सेवेच्या यंत्रावरून येणाऱ्या कोणालाही तुमच्या सर्व्हरमार्फत हवे तिथे मेल पाठवण्याची मुभा मिळेल. १०.०.०.०/८ या ओळीविषयी मला काळजी वाटते, पण ते काम माझ्यापेक्षा इथल्या दुहेरी_कुलूप यांचे आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा: सेटिंगांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, फाइलीत ती रोमन लिपीत आणि शब्दांमध्ये अधोरेखा घालून लिहायची असतात.

आता त्या भलत्या यंत्राविषयी. रिलेहोस्टचे नाव चौकटी कंसाशिवाय लिहिले की पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधतो, आणि ती सापडली तर तिथे सांगितलेल्या यंत्राकडे जातो. एमएक्स नोंद ही त्या नावावर येणारे मेल कोण स्वीकारतो ते सांगते. बाहेर जाणारे मेल कोण घेतो याच्याशी तिचा संबंध नसतो. तुमच्या सेवेने त्या नावाला स्वतःच्या आवक सर्व्हरची एमएक्स नोंद दिलेली दिसते, आणि त्या आवक सर्व्हरवर ५८७ उघडे नाही. नाव चौकटी कंसात घातले की एमएक्सचा शोध टळतो आणि सरळ त्या नावाच्या पत्त्यावर जोडणी होते. म्हणून ओळ अशी हवी:

रिलेहोस्ट = [रिले.उदाहरण.नेट]:५८७

इथे एक अट विसरू नका. पासवर्डच्या फाइलीत डाव्या बाजूला होस्टचे नाव लिहिताना ते याच रूपात, म्हणजे कंस आणि पोर्टसह लिहिले पाहिजे. एका ठिकाणी कंस आणि दुसरीकडे नाही असे झाले, तर पोस्टफिक्सला नोंद सापडत नाही आणि तो ओळख न देताच मेल सोपवू पाहतो. मग समोरून जो नकार येतो तो वाचून आपण पासवर्ड चुकला असे समजतो आणि तासभर पासवर्डच बदलत बसतो. (हा तासभर मी स्वतः घालवलेला आहे.) फाइल बदलल्यावर पोस्टमॅप पुन्हा चालवावे लागते. तिची मूळ प्रत आणि पोस्टमॅपने बनवलेली प्रत दोन्ही फक्त रूटला (मुख्य प्रशासक खात्याला) वाचता येतील अशा ठेवा. पोस्टफिक्सचा क्लायंट अधिकार सोडण्यापूर्वीच ती फाइल उघडतो, त्यामुळे त्याला अडचण येत नाही. काही नव्या लिनक्स वितरणांनी बर्कली डीबी हा माहितीसाठ्याचा जुना प्रकार वगळला आहे. तिथे 'हॅश' हा प्रकार चालत नाही, 'एलएमडीबी' लिहावे लागते.

ओळख देण्यासाठी एसएमटीपी सॅसल ऑथ एनेबल हे 'येस' करा (एसएमटीपी ही मेल सोपवण्याची भाषा, सॅसल ही त्यात ओळख पटवण्याची यंत्रणा). त्यासोबत एसएमटीपी सॅसल सिक्युरिटी ऑप्शन्सकडेही पाहा. त्याचे मूळ मूल्य 'नोप्लेनटेक्स्ट, नोअनॉनिमस' असे आहे. बहुतेक रिले सेवा टीएलएसच्या (संभाषण गुप्त ठेवणाऱ्या आवरणाच्या) आत 'प्लेन' किंवा 'लॉगिन' हीच पद्धत देतात, आणि मूळ मूल्य ती नाकारते. ते फक्त 'नोअनॉनिमस' एवढेच ठेवा.

पण प्लेन पद्धतीला परवानगी दिली की टीएलएस सक्तीचे झालेच पाहिजे. एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल 'मे' असेल, तर समोरच्याने टीएलएस देऊ केले तर घेतो आणि नाही दिले तर उघड्यावर बोलतो, असा तो व्यवहार असतो. वाटेतल्या कोणी टीएलएसचा प्रस्तावच गाळून टाकला, तर तुमचा पासवर्ड उघडा जाईल. म्हणून रिले होस्टसाठी निदान 'एन्क्रिप्ट' आणि शक्यतो 'सिक्युअर' ही पातळी ठेवा. 'एन्क्रिप्ट'मध्ये संभाषण गुप्त राहते, पण समोरचा खरोखर तोच आहे का हे तपासले जात नाही. 'सिक्युअर'मध्ये प्रमाणपत्रावरचे नाव पडताळले जाते, आणि त्यासाठी एसएमटीपी टीएलएस सीएफाइलमध्ये मूळ प्रमाणपत्रांच्या संचाचा मार्ग द्यावा लागतो. एखादी सेवा ५८७ ऐवजी ४६५ सुचवत असेल, तर तिथे टीएलएस पहिल्या क्षणापासूनच असते. त्यासाठी रॅपरमोड 'येस' करावा लागतो, आणि ही सोय पोस्टफिक्स ३.० पासून आहे.

आता दुसरा होस्ट. पोस्टफिक्स ३.५ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर रिलेहोस्टमध्ये स्वल्पविराम देऊन एकापेक्षा अधिक ठिकाणे लिहिता येतात. जुन्या आवृत्तीत एसएमटीपी फॉलबॅक रिले वापरा. मी नव्या आवृत्तीतही फॉलबॅकच पसंत करतो, कारण मुख्य कोण आणि पर्यायी कोण हे सेटिंगच्या नावावरूनच कळते. मात्र फॉलबॅक केवळ पहिले यंत्र बंद असतानाच वापरले जाते असे नाही. पहिल्या होस्टने तात्पुरता नकार दिला, म्हणजे ४ ने सुरू होणारा क्रमांक पाठवला, तरीही मेल दुसऱ्याकडे वळतो. रिले सेवेने 'तुमची तासाची मर्यादा संपली' असे तात्पुरत्या नकाराने सांगितले, तर उरलेला सगळा लोंढा तुमच्या दुसऱ्या कार्यालयाकडे जाईल. तिथल्या प्रशासकांना याची कल्पना आधीच देऊन ठेवा.

आणखी एक. तुमच्या दुसऱ्या होस्टवर टीएलएस नसेल, तर वर सांगितलेली सक्ती त्यालाही लागू होईल आणि गरजेच्या वेळी तो निरुपयोगी ठरेल. त्यासाठी एसएमटीपी टीएलएस पॉलिसी मॅप्समध्ये प्रत्येक होस्टची पातळी स्वतंत्र लिहा: रिले सेवेला 'सिक्युअर' आणि व्हीपीएनमधल्या होस्टला 'मे'.

---

एक्झिमप्रेमी

हाच विषय शोधत कोणी एक्झिमवाले (एक्झिम हा पोस्टफिक्ससारखाच दुसरा मेल सर्व्हर) इथे आले तर त्यांच्यासाठी दोन वाक्ये. एक्झिममध्ये हे काम मॅन्युअलरूट या ड्रायव्हरने होते. राउट लिस्टमध्ये एकाहून अधिक होस्ट लिहिले की ते लिहिलेल्या क्रमाने आजमावले जातात, आणि क्रम मुद्दाम विस्कटायचा असेल तरच होस्ट्स रँडमाइझ वापरावे. आत येणाऱ्या दिशेसाठी तिथे रिले फ्रॉम होस्ट्स नावाची वेगळी यादी असते, त्यामुळे वर सांगितलेला घोळ आमच्याकडे थोडा कमी होतो.

---

कोरी_पाटी

रांगनिरीक्षक, मनःपूर्वक आभार. कंस घातल्यावर जोडणी योग्य यंत्राशी होऊ लागली. आता लॉगमध्ये 'सॅसल ऑथेंटिकेशन फेल्ड' आणि पुढे 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' असे येते. सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मी 'नोअनॉनिमस' एवढेच ठेवले आहे, आणि पोस्टकॉन्फला 'एन' हा पर्याय देऊन तेच मूल्य लागू झाल्याची खात्रीही केली आहे.

दुसरे असे की, ओळख न लागता जाणाऱ्या व्हीपीएनमधल्या होस्टकडे मी चाचणीपुरते सगळे मेल वळवून पाहिले. माणसांचे मेल गेले, पण ॲप्लिकेशन सर्व्हरवरच्या क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल मात्र समोरून नाकारले गेले. पाठवणाऱ्याचा पत्ता रूट, ॲट आणि पुढे त्या यंत्राचे आतले नाव असा दिसतो.

---

रांगनिरीक्षक

'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' या एकाच वाक्यामागे दोन कारणे असू शकतात. एक तुम्ही दूर केले आहे. दुसरे असे की सॅसलचे प्लेन आणि लॉगिन हे भाग वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि किमान स्थापनेत ते येत नाहीत. डेबियनच्या घराण्यात त्या पॅकेजचे नाव लिबसॅसल२-मॉड्यूल्स आहे, रेड हॅटच्या घराण्यात सायरस-सॅसल-प्लेन. ते घाला, पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा आणि लॉग पाहा.

क्रॉनच्या मेलचे दुखणे वेगळे आहे. थेट वितरणाच्या काळात अनेक सर्व्हर अशा पत्त्याकडे काणाडोळा करत. रिले होस्ट करत नाही, आणि त्याने करूही नये, कारण ज्या डोमेनचे अस्तित्वच बाहेर कुठे नाही त्यावर परतीचे पत्र पाठवता येत नाही. यावर दोन उपाय आहेत. सेंडर कॅनॉनिकल मॅप्स मेल रांगेत शिरतानाच पत्ता बदलते, त्यामुळे आतल्या आत जाणाऱ्या मेलवरही बदललेला पत्ता दिसतो. एसएमटीपी जेनेरिक मॅप्स मेल एसएमटीपीने बाहेर पडतानाच पत्ता बदलते आणि आतले मेल तसेच ठेवते. कोणत्या यंत्राच्या क्रॉनने तक्रार केली हे तुम्हाला आतल्या मेलमध्ये दिसायला हवे असेल, तर दुसरा उपाय चांगला.

---

दुहेरी_कुलूप

१०.०.०.०/८ (म्हणजे १० ने सुरू होणारे सगळे पत्ते) या ओळीकडे वळतो, कारण रांगनिरीक्षक यांनी ती माझ्याकडे ढकलली आहे.

एके काळी मेल सर्व्हर कोणाचेही पत्र शिष्टाचार म्हणून पुढे पाठवत असत. सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरने १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीत, परक्यांचे मेल पुढे पाठवणे मूळ स्थितीतच बंद केले, आणि १९९९ मध्ये आलेल्या आरएफसी २५०५ या तांत्रिक दस्तऐवजाने सर्व्हरला असा वापर अडवता आला पाहिजे असे बजावले. त्यानंतर पूर्ण उघडा रिले सहसा कोणी मुद्दाम ठेवत नाही. आज उघडे रिले बनतात ते मायनेटवर्क्स गरजेपेक्षा रुंद लिहिल्यामुळे, आणि विशेषतः मधल्या एखाद्या पायरीवर खरा आयपी पत्ता झाकला गेल्यामुळे.

दुसरा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. समजा, उद्या तुम्ही पोस्टफिक्स कंटेनरमध्ये (यंत्रावरच्या वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात) हलवला. असे कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या काही मांडणींमध्ये बाहेरून आलेली जोडणी आतल्या पुलाच्या पत्त्यावरून, म्हणजे उदाहरणार्थ १७२.१७.०.१ वरून, आल्यासारखी दिसते. तो पत्ता मायनेटवर्क्समध्ये असेल, तर पोस्टफिक्सच्या दृष्टीने सारे जगच विश्वासातले झाले. हाच प्रकार राउटरने आत येणाऱ्या जोडणीचा मूळ पत्ता बदलला तर होतो, आणि सर्व्हरपुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) ठेवून मूळ पत्ता पुढे कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल चालू करायचे राहिले तरीही होतो. तुमच्या राउटरचा आतला पत्ता १० ने सुरू होत असणार. म्हणजे हा सापळा तुमच्या दारातच आहे. लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम' या शब्दांपुढे बाहेरच्या जोडण्यांचे खरे, वेगवेगळे पत्ते दिसतात की सगळीकडे एकच आतला पत्ता दिसतो, एवढे आजच पाहून घ्या. एकच दिसत असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा.

त्यानंतर ती ओळ आवळा. आयपी पत्त्यावरून विश्वास ठेवणे म्हणजे त्या यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रामवर विश्वास ठेवणे. म्हणून जो ओळख देऊ शकतो त्याच्याकडून ओळख मागावी आणि जो देऊच शकत नाही त्याच्यापुरतीच पत्त्याची सवलत ठेवावी, असा माझा आग्रह आहे. तुमचे दोन्ही ॲप्लिकेशन सर्व्हर ५८७ वर नाव आणि पासवर्ड देऊ शकतील. प्रत्येकाला वेगळे खाते द्या, आणि सेंडर लॉगिन मॅप्ससोबत रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच वापरून त्या खात्याला फक्त ठरलेल्या पत्त्यावरून पाठवू द्या. जुना स्कॅनर बहुधा आजचे टीएलएस बोलणार नाही. त्याचा एकट्याचा पत्ता /३२ लावून लिहा. मग ओळ अशी होईल:

मायनेटवर्क्स = १२७.०.०.०/८, [::१]/१२८, १०.२०.५.४०/३२

आयपीव्ही६ पत्त्यांना चौकटी कंस लागतात. ही ओळ फाइलीतून काढून टाकून मायनेटवर्क्स स्टाइलवर विसंबू नका. तिचे मूळ मूल्य ३.० च्या आधी 'सबनेट' होते आणि नंतर 'होस्ट' झाले. जुन्या यंत्रावरून आणलेल्या फाइलीत सुसंगततेच्या पातळीनुसार यातले कोणते लागू होईल, हे वरवर वाचून कळत नाही.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एका यंत्राने एका मिनिटात किती मेल द्यावेत याची मर्यादा पोस्टफिक्समध्ये घालता येते, पण त्या मर्यादेतून सूट कोणाला याची यादी मूळ स्थितीत मायनेटवर्क्सइतकीच असते. म्हणजे तुमचा विश्वासातला स्कॅनर किंवा सर्व्हर कोणी ताब्यात घेतला, तर मर्यादा त्यालाच लागू होत नाही. क्लायंट इव्हेंट लिमिट एक्सेप्शन्समध्ये फक्त १२७.०.०.०/८ ठेवा, आणि मर्यादा शून्याऐवजी काहीतरी ठेवा. एका यंत्राच्या चुकीने रिले सेवेने तुमचे खाते गोठवले, तर चाळीसही जणांचे मेल थांबतील.

शेवटी चाचणी. तुमच्या नेटवर्कच्या पूर्ण बाहेरून, म्हणजे मोबाइल डेटाला जोडून नव्हे (तिथेही पोर्ट २५ बंद असू शकते), तर पोर्ट २५ उघडे असलेल्या एखाद्या भाड्याच्या यंत्रावरून, तुमच्या सर्व्हरशी हाताने बोला आणि परक्या डोमेनचा प्राप्तकर्ता द्या. 'रिले ॲक्सेस डिनाइड' असे उत्तर आले पाहिजे. त्याचा क्रमांक ५५४ असेल किंवा ४५४ असेल. २.१० पासून आलेल्या रिले रिस्ट्रिक्शन्समध्ये मूळ स्थितीत 'डिफर' असते, आणि त्याने ४५४ मिळतो. 'रिजेक्ट' लिहिले की ५५४. दोन्हींत दार बंदच आहे, पण माझ्या मते सारे सुरळीत झाल्यावर 'रिजेक्ट' करावे, म्हणजे पाठवणारा पुन्हा पुन्हा येऊन लॉग भरत नाही.

---

पत्ताशोधक

सर्व्हरवरचे काम वर चोख सांगितले गेले आहे. डीएनएसचे, म्हणजे तुमच्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदींचे, राहिले आहे. ते आधी केले नाही तर मेल रिलेपर्यंत पोचतील आणि पुढे स्पॅममध्ये पडतील. लॉगमध्ये मात्र 'सेंट' असेच दिसेल, कारण आता त्या शब्दाचा अर्थ 'रिले होस्टने स्वीकारला' एवढाच आहे. पुढे काय झाले हे रिले सेवेच्या नोंदींतच पाहावे लागते.

आतापर्यंत तुमच्या एसपीएफ नोंदीत (तुमच्या डोमेनचे मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकतात ते सांगणाऱ्या नोंदीत) तुमच्या सर्व्हरचा पत्ता असेल. यापुढे जगाला दिसणार आहे रिले होस्टचा पत्ता. म्हणून त्या सेवेने दिलेला 'इन्क्लूड' (तिच्या पत्त्यांच्या यादीकडे बोट दाखवणारा भाग) आणि दुसऱ्या कार्यालयाच्या सर्व्हरचा बाहेरचा पत्ता, दोन्ही नोंदीत घाला. व्हीपीएनमधला आतला पत्ता घालून उपयोग नाही. जगाला तो दिसतच नाही. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस शोध चालतात, आणि 'इन्क्लूड'च्या आतले 'इन्क्लूड'ही त्यात मोजले जातात. ही मर्यादा ओलांडली की नोंद कायमची चुकीची मानली जाते. जुने, वापरात नसलेले 'इन्क्लूड' याच निमित्ताने काढून टाका.

अनेक रिले सेवा पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तिथे स्वतःचे डोमेन घालतात, म्हणजे परत आलेली पत्रे त्यांच्याकडे जावीत. अशा वेळी एसपीएफ उत्तीर्ण होते, पण ते सेवेच्या डोमेनसाठी. पत्राच्या आतल्या 'फ्रॉम' ओळीतले तुमचे डोमेन त्याच्याशी जुळत नाही, आणि डीमार्क (मेल खरोखर त्या डोमेनचा आहे का ते ठरवणारा नियम) जुळणीच मागतो. तिथे तुम्हाला वाचवते ते डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही. सही तुमच्या डोमेनच्या नावाने असेल तर पाकिटावर काहीही असले तरी जुळणी होते. सही तुमच्याच सर्व्हरवर मिल्टरने (मेल सर्व्हरला जोडायच्या प्रोग्रामने) करा, किंवा सेवेला तुमच्या डोमेनची किल्ली देऊन तिच्याकडून करवून घ्या. पहिली पद्धत मला अधिक आवडते, कारण दोन्ही रिले होस्टमार्फत गेलेल्या मेलवर एकच सही राहते. फक्त दुसऱ्या कार्यालयाचा सर्व्हर प्रत्येक मेलच्या तळाला गोपनीयतेची सूचना जोडतो का, ते विचारून घ्या. जोडत असेल तर सही मोडेल. 'रिलॅक्स्ड' पद्धत मोकळ्या जागांमधला फरक सहन करते, नवा मजकूर नाही.

हे ऐच्छिक राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही अपेक्षित आहेत. चाळीस माणसे तेवढे पाठवणार नाहीत, पण ॲप्लिकेशन सर्व्हर काय पाठवतो ते मोजून पाहा.

क्रम असा ठेवा: आधी डीएनएस नोंदींचा टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ साठवून ठेवावी ती मुदत) कमी करा, मग नवे पत्ते घाला, मग रिलेहोस्ट बदला. जुना पत्ता एसपीएफमधून लगेच काढू नका.

---

रांगनिरीक्षक

पत्ताशोधक यांच्या मजकुराला जोडून एक गोष्ट रांगेची. थेट वितरणात प्रत्येक डोमेन हे वेगळे ठिकाण असते. एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीच्यांचे मेल जात राहतात. रिलेहोस्ट लावल्यावर पोस्टफिक्सच्या दृष्टीने सारे जग एकच ठिकाण होते. एकाच ठिकाणी एका वेळी २० समांतर जोडण्या ही मूळ मर्यादा आता तुमच्या एकूण मेलला लागू होते, आणि ते ठिकाण 'मृत' ठरले की संपूर्ण रांग थांबते. समांतर जोडण्या किती चालतील हे सेवेला विचारून ती संख्या बहुधा कमीच करावी लागेल. पुन्हा प्रयत्न करण्याची दिरंगाई मूळ स्थितीत ३०० सेकंदांपासून ४,००० सेकंदांपर्यंत वाढत जाते आणि ५ दिवसांनी मेल पाठवणाऱ्याकडे परत येतो. पाच दिवस कोणाला काहीच न कळणे वाईट. डिले वॉर्निंग टाइम चार तासांवर ठेवा, म्हणजे अडकलेल्या मेलची सूचना त्याच्या लेखकाला मिळते.

---

कोरी_पाटी

सर्वांची आभारी आहे. सॅसलचे पॅकेज खरोखरच नव्हते. ते घातल्यावर रिले सेवेने ओळख स्वीकारली. मायनेटवर्क्स सांगितल्याप्रमाणे आवळल्यावर लगेच एका ॲप्लिकेशन सर्व्हरचे मेल बंद झाले, आणि त्यावरून कळले की त्यावर आम्हाला माहीत नसलेली एक जुनी स्क्रिप्ट पोर्ट २५ वरून रोज अहवाल पाठवत होती. तिला आता वेगळे खाते दिले आहे. 'कनेक्ट फ्रॉम' पुढचे पत्ते मात्र खरे आणि वेगवेगळेच दिसतात, त्यामुळे त्या सापळ्यात आम्ही नव्हतो.

एक शंका उरली आहे. बदल करण्यापूर्वीचे ३७ मेल रांगेत अडकलेले आहेत. ते नव्या रिलेहोस्टकडे आपोआप जातील, की काढून पुन्हा पाठवावे लागतील? त्यात क्रॉनचेही काही आहेत, ज्यांच्यावर जुनाच पत्ता आहे.

---

रांगनिरीक्षक

पुढचे ठिकाण कोणते, हे पोस्टफिक्स प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी नव्याने ठरवतो, मेल रांगेत शिरताना नाही. त्यामुळे पोस्टक्यूला 'एफ' हा पर्याय दिला की सगळे मेल नव्या रिलेहोस्टकडेच जातील. क्रॉनच्या मेलसाठी तुम्ही जेनेरिक मॅप्स निवडले असतील तर तेही बाहेर पडतानाच लागू होते, वेगळे काही करायला नको. कॅनॉनिकल मॅप्स निवडले असतील तर मात्र पत्ता रांगेत शिरतानाच बदलायला हवा होता. तिथे पोस्टसुपरला 'आर' हा पर्याय देऊन ते मेल पुन्हा रांगेत घालावे लागतील.

---

कोरी_पाटी

जेनेरिक मॅप्सच निवडले होते. 'एफ' दिल्यावर ३५ मेल गेले. उरलेल्या दोनांना रिले सेवेने ५५० ने नाकारले आणि ते पाठवणाऱ्यांकडे परत गेले. दोन्हींत प्राप्तकर्त्याच्या पत्त्यात अक्षर चुकलेले होते.